जुन्या स्वयंचलित वाद्यांतील हवेच्या झडपांचे बिघाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेयर पियानो (भोके पाडलेल्या कागदाच्या रोलवरून आपोआप वाजणारा पियानो), रीप्रोड्युसिंग पियानो (आवाजातले चढउतारही रोलवरून वाजवणारा) आणि ऑर्केस्ट्रियन (अनेक वाद्यांचे आवाज एकत्र देणारे स्वयंचलित वाद्य) ही वाद्ये ज्यांच्या ताब्यात आहेत किंवा जे ती दुरुस्त करायला शिकत आहेत, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने ओढीवर, म्हणजे हवा बाहेर खेचून निर्माण केलेल्या कमी दाबावर चालणाऱ्या वाद्यांसाठी आहेत. दाबावर चालणाऱ्या वाद्यांचा विचार प्रश्न १५ मध्ये केला आहे. झडपेला बरेच जण व्हॉल्व्ह म्हणतात. येथे दोन्ही शब्दांचा अर्थ एकच समजावा.

१. कागदातल्या एका भोकामुळे पियानोचा हातोडा कसा हलतो? झडपेचे यात नेमके काम काय?

कागदाचा रोल ज्या धातूच्या पट्टीवरून सरकतो तिला ट्रॅकर बार म्हणतात. तिच्यात प्रत्येक सुरासाठी एक छिद्र असते आणि त्या छिद्रापासून एक नळी झडपांच्या पेटीपर्यंत जाते. पेटीत पंपामुळे किंवा पायाने चालवलेल्या भात्यांमुळे सतत ओढ असते. नळीच्या टोकाशी पातळ चामड्याचा एक गोल पडदा असतो, त्याला पाउच म्हणतात. पाउचच्या वर पेटीतली ओढ असते आणि खाली नळीतली हवा असते. कागदातले भोक ट्रॅकर बारच्या छिद्रावर आले की बाहेरची हवा नळीतून आत शिरते, पाउच वर फुगतो आणि त्याच्यावर उभी असलेली झडप उचलली जाते.

झडपेला दोन बैठका असतात. झडप खाली असते तेव्हा ती आतल्या बैठकीवर बसून पेटीतली ओढ अडवते, आणि सुराचा छोटा भाता बाहेरच्या हवेशी जोडलेला राहतो. झडप वर जाते तेव्हा बाहेरच्या हवेची वाट बंद होते, आतली बैठक मोकळी होते, भात्यातली हवा पेटीत खेचली जाते, भाता मिटतो आणि मिटताना हातोड्याची यंत्रणा ढकलतो. भोक पुढे सरकल्यावर पाउचखाली अडकलेली हवा बाहेर काढण्यासाठी एक अगदी बारीक छिद्र ठेवलेले असते, त्याला ब्लीड म्हणतात. ब्लीड पाउचखालची जागा पेटीशी जोडते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि झडप आपल्या जागी खाली येते. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात या ब्लीडचा उल्लेख येतो, म्हणून त्याचे काम नीट समजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२. रोल न लावता पंप सुरू केला तर सगळे सूर एकदम वाजतात. सगळ्या झडपा बिघडल्या आहेत का?

नाही. रोल नसेल तर ट्रॅकर बारची सगळी छिद्रे उघडी असतात, आणि उघडे छिद्र म्हणजे झडपेला मिळालेली वाजण्याची आज्ञा. १९०८ साली अमेरिकेतील बफेलो येथे झालेल्या उत्पादकांच्या परिषदेत ८८ सुरांचा, सव्वाअकरा इंच रुंदीचा आणि इंचाला नऊ छिद्रे असलेला रोल प्रमाण म्हणून ठरला. अशा वाद्यात रोलशिवाय पंप लावला तर ८८ भाते एकाच वेळी मिटू पाहतात. रोल लावलेला असतानाही पंप सुरू होण्याच्या पहिल्या क्षणी काही सूर हलकेच खडखडतात, कारण नळ्यांत आधीपासून भरलेली हवा ब्लीडमधून निघून जायला थोडा अवधी लागतो. ही खडखड क्षणभरात थांबत असेल तर तो बिघाड नव्हे. पूर्वी नव्हती आणि आता दोन-तीन सेकंद टिकू लागली, तर ब्लीड हळूहळू भरत आहेत असे समजावे आणि प्रश्न ५ पाहावा.

३. बिघाड झडपेतच आहे, पियानोत नाही, हे पेटी उघडण्यापूर्वी कसे ओळखावे?

पंप बंद ठेवून त्या सुराची पियानोवरची पट्टी बोटाने वाजवून पाहावी. पट्टी जड लागत असेल, परत येत नसेल किंवा हातोडा तारेजवळ रेंगाळत असेल, तर दोष पियानोच्या यंत्रणेत आहे आणि झडपेला हात लावण्याचे कारण नाही. हे इतके साधे आहे की अनेक जण ही पायरी गाळतात, आणि सुजलेल्या लाकडामुळे अडकलेल्या एका पट्टीसाठी पूर्ण पेटी उतरवली जाते.

पट्टी ठीक असेल तर ट्रॅकर बार झाकणारा एक कोरा कागद घ्यावा, त्यात एकाच सुराचे भोक पाडावे आणि कमी ओढीवर तेवढाच सूर वाजवून पाहावा. ओढ मोजण्यासाठी पाण्याने भरलेली यू आकाराची काचेची किंवा पारदर्शक नळी पुरते. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जितक्या इंचांचा फरक, तितकी ओढ. निरोगी झडप सुमारे पाच इंच पाण्याच्या ओढीवरही काम करते. हे माप न घेता केलेली तपासणी बहुधा फसते, कारण जोरदार ओढीखाली अर्धवट आजारी झडपही बरी वाटते.

४. एक सूर कागदात भोक नसतानाही सतत वाजत राहतो. कुठून सुरुवात करावी?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर एका प्रश्नात सामावलेले आहे : पाउचखाली हवा नको तिथून येते आहे, की आलेली हवा बाहेर जात नाही? या दोन रोगांचे लक्षण एकच असले तरी उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

त्या सुराचे ट्रॅकर बारवरचे छिद्र चिकटपट्टीने बंद करावे. सूर थांबला तर दोष कागदात किंवा कागदाच्या सरकण्यात आहे. प्रश्न १३ पाहावा. सूर थांबला नाही तर नळी झडपांच्या पेटीच्या अगदी जवळ चिमटीत दाबावी. आता थांबला तर दाबलेल्या जागेपासून ट्रॅकर बारपर्यंतच्या भागात नळी फुटली आहे किंवा जोडातून सुटली आहे.

चिमटीत दाबूनही सूर चालू राहिला तर एक चाचणी फार उपयोगी पडते. नळी पेटीपासून सोडवावी आणि त्या तोंडाला छोटा हातपंप किंवा रबरी फुगा लावून क्षणभर हवा ओढून घ्यावी, मग तोंड लगेच बोटाने बंद करावे. सूर थांबला आणि थांबलेलाच राहिला, तर बाहेरून हवा कुठूनही येत नाही. फक्त ब्लीड बंद पडले आहे आणि आत अडकलेली हवा आपण हाताने काढून दिली, एवढेच झाले. सूर थांबला पण थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू झाला, तर पेटीच्या आतच, म्हणजे लाकडातल्या मार्गात, गॅस्केटमध्ये (जोड हवाबंद करणाऱ्या अस्तरात) किंवा पाउचच्या बैठकीच्या कडेला, गळती आहे. हवा ओढूनही काही फरक पडला नाही, तर झडप वरच्या स्थितीत अडकून बसली आहे : झडपेच्या दांडीच्या मार्गदर्शक छिद्रात कचरा किंवा गंज आहे, किंवा चामडे बैठकीला चिकटले आहे.

या पायऱ्यांना दहा मिनिटेही लागत नाहीत. त्या पूर्ण केल्याशिवाय पेटीचा एकही स्क्रू सोडू नये असे माझे ठाम मत आहे, कारण जुन्या पेटीचे गॅस्केट एकदा हलले की ज्या सत्त्याऐंशी सुरांना काहीही झालेले नव्हते त्यांच्यातही गळती सुरू होऊ शकते.

५. ब्लीड बंद का पडते आणि ते कशाने साफ करावे?

कागदाच्या रोलमधून सतत बारीक धूळ सुटते. प्रत्येक भोक उघडताना ही धूळ हवेबरोबर नळीत खेचली जाते आणि वाटेतली सर्वांत अरुंद जागा ब्लीडची असल्यामुळे तिथे साठते. ब्लीडचा व्यास साधारण पाऊण ते एक मिलिमीटर असतो. एक कागदी धागासुद्धा त्याला पुरतो.

ट्रॅकर बारच्या बाजूने धूळ ओढून घेणारा हातपंप प्रत्येक छिद्राला लावणे हा पहिला उपाय, आणि नियमित देखभाल म्हणूनही तो योग्य आहे. कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही आत सोडू नये. पाउचचे शंभर वर्षांचे चामडे तो झटका सहन करत नाही, आणि धूळ बाहेर येण्याऐवजी आणखी आत जाते.

ब्लीड उघडता येण्याजोगे असेल तर ते मऊ केसाने किंवा मूळ व्यासापेक्षा बारीक तारेने साफ करावे, ड्रिलने मुळीच नाही. ०.७ मिलिमीटरचे छिद्र साफ करताना १ मिलिमीटर झाले तर त्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते. मग भोकातून आलेली हवा पाउच उचलण्यापूर्वीच निसटू लागते आणि अडकलेल्या सुराच्या जागी मुका सूर मिळतो. एकाच पेटीतली सगळी ब्लीड एकाच मापाची असावीत. पूर्वीच्या दुरुस्तीत काही मोठी केलेली आढळली तर धातूच्या नव्या टोप्या बसवून सगळी सारखी करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

६. सूर अजिबात वाजत नाही. पाउच फाटला असेल का?

फाटला असेल, पण त्याआधी सोप्या शक्यता तपासाव्यात. कोऱ्या कागदाची चाचणी करताना (प्रश्न ३) नळी पेटीपासून सोडवून टाकावी. तोंड उघडे होताच सूर वाजला तर झडप निर्दोष आहे आणि नळी किंवा ट्रॅकर बारचे छिद्र तुंबले आहे.

तरीही वाजला नाही तर पंप बंद करून त्या तोंडातून रबरी फुग्याने अगदी हलकी फुंकर द्यावी. झडप उचलल्याचा बारीक टक असा आवाज आला तर पाउच आणि झडप हलत आहेत; दोष बहुधा सुराच्या भात्यात आहे, त्याचे कापड फाटले असेल किंवा तो तळापासून निखळला असेल. आवाज आला नाही आणि हवा बिनअडथळा आत गेली, तर पाउच फाटला किंवा सुटला आहे. शेजारच्या चांगल्या सुराच्या तोंडातही तीच फुंकर देऊन अडथळ्याची तुलना करावी, कारण ब्लीडमधून थोडी हवा नेहमीच जाते आणि त्यावरून पाउच फाटल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. हवा जातच नसेल तर मार्ग तुंबला आहे. पूर्वी ही तपासणी तोंडाने हवा ओढून करत असत. जुन्या पेट्यांतली धूळ आणि शिशाच्या नळ्यांची पूड लक्षात घेता (प्रश्न ११) ती पद्धत सोडून द्यावी.

पाउच शाबूत असूनही झडप उचलली जात नसेल तर पाउच आणि झडपेची दांडी यांच्यामधले अंतर पाहावे. हे अंतर साधारण पाऊण मिलिमीटर असावे. चामडे वर्षानुवर्षे सैल पडून खोल बसले की पाउच पूर्ण फुगला तरी दांडीपर्यंत पुरेसा पोचत नाही.

७. जोरात वाजवताना सगळे सूर येतात, पण हळू वाजवताना काही गळतात. हे कशामुळे?

झडपेला खाली धरणारी हवेची ओढ आणि तिला वर ढकलणारा पाउचचा जोर ही दोन्ही बले पेटीतल्या ओढीच्या प्रमाणात वाढतात किंवा कमी होतात. झडपेचे स्वतःचे वजन, दांडीचे घर्षण आणि चामड्याचा ताठरपणा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे ओढ कमी झाली की या तीन गोष्टी वरचढ ठरतात. हळू वाजवताना गळणाऱ्या सुरांत म्हणून कडक झालेला पाउच, झिरपणारा पाउच, दांडीच्या छिद्रातला मळ किंवा पूर्वीच्या दुरुस्तीत बसवलेली जाड, जड चामड्याची चकती शोधावी. ब्लीड प्रमाणाबाहेर मोठे असेल तरीही हेच लक्षण दिसते.

याच कारणाने उलटा प्रकारही घडतो : हळू वाजवताना वाद्य ठीक असते, पण ओढ वाढवली की एखादा सूर अडकतो. नळीत बारीक गळती असेल तर पाउचवर पेटीतल्या ओढीचा ठरावीक हिस्सा नेहमी पडत असतो. ओढ कमी असताना तो हिस्सा झडपेचे वजन उचलू शकत नाही, जास्त असताना उचलतो. गळतीचे छिद्र ब्लीडच्या निम्म्या क्षेत्रफळाचे असले तर हा हिस्सा सुमारे एक पंचमांश असतो, आणि दोन्ही सारखी झाली की तो निम्म्यावर जातो. गळती थोडीशी वाढताच सूर अचानक का अडकू लागतो, हे या आकड्यांवरून कळते.

८. एकच सूर जलद पुन्हा पुन्हा वाजायला हवा असताना मधले ठोके हरवतात.

येथे कानाने ऐकणे महत्त्वाचे आहे. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे झडपेच्या बाहेरच्या तोंडाशी धरून सूर सुटण्याचा क्षण ऐकावा. झडपच उशिरा खाली येत असेल तर ब्लीड अर्धवट भरले आहे किंवा मुळातच लहान आहे. झडप वेळेवर खाली येते पण भाता उशिरा उघडतो, असे असेल तर बाहेरची हवा भात्यात परत जाण्याची वाट अरुंद आहे.

ही वाट झडपेच्या चालीवर, म्हणजे ती एका बैठकीपासून दुसरीपर्यंत किती सरकते यावर, अवलंबून असते. बहुतेक वाद्यांत ही चाल पाऊण ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते आणि ती फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मोजपट्टीने) मोजता येते. चामडे फुगून किंवा नवी जाड चकती लावल्यामुळे चाल कमी झाली की भाता भरायला वेळ लागतो. चाल गरजेपेक्षा जास्त असेल तर झडपेला अंतर कापायला वेळ लागतो आणि दोन्ही बैठका एकाच वेळी उघड्या असण्याच्या क्षणी ओढ वाया जाते. कारखान्याचे मूळ माप उपलब्ध असेल तर तेच ठेवावे. हे सगळे ठीक असेल, तर भात्याचे कडक झालेले कापड आणि पियानोच्या यंत्रणेतला ढिलेपणा पाहावा.

९. कोणताही सूर वाजत नसताना सतत फुसफुस ऐकू येते आणि पंप थकतो. सगळ्या झडपा गळतात का?

गळती कोणत्या बैठकीत आहे यावर उत्तर ठरते. सूर बंद असताना झडप आतल्या बैठकीवर बसलेली असते. ती तिथे नीट बसत नसेल तर बाहेरची हवा सतत पेटीत शिरते. एका झडपेची गळती क्षुल्लक वाटते, पण ८८ झडपांची मिळून पंपाची बरीचशी ताकद खाऊन टाकते. बाहेरच्या बैठकीची गळती मात्र सूर वाजत असतानाच जाणवते : तेवढाच सूर अशक्त येतो आणि त्याच क्षणी फुस्स असा आवाज होतो.

फुसफुस झडपांचीच आहे हे ठरवण्यापूर्वी मोठे भाते, मुख्य नळ्या आणि पेटीचे जोड तपासावेत. पेटीकडे जाणारी मुख्य नळी बंद करून पंपाची ओढ मोजावी, मग ती उघडून पुन्हा मोजावी. पहिल्या मापातच ओढ कमी असेल तर झडपांना दोष देऊ नये.

१०. जुने चामडे बदलावेच का? आणि बदलताना कोणता चिकटपदार्थ वापरावा?

झडपेच्या चामड्यावर बैठकीचा गोल ठसा उमटलेला असणे स्वाभाविक आहे. ठसा खोल गेला असेल, चामडे नखाने दाबले असता दबत नसेल किंवा पृष्ठभाग तुकतुकीत आणि कडक झाला असेल, तर ते बदलावे. पाउचच्या बाबतीत लवचीकपणा आणि झिरपणे या दोनच कसोट्या आहेत. एका पेटीतले चार-पाच पाउच फाटले असतील तर उरलेलेही त्याच वयाचे आहेत हे लक्षात घेऊन सगळे एकदम बदलावेत. एखादाच पाउच अपघाताने फाटला असेल तर मात्र तेवढाच बदलणे योग्य.

नवे चामडे मूळ जाडीचेच घ्यावे आणि कॅलिपरने मोजून घ्यावे. पाउचसाठीचे चामडे पातळ आणि सच्छिद्र असते. त्याला योग्य द्रावणाचा अगदी पातळ थर देऊन हवाबंद करावे लागते, आणि तो थर जाड झाला तर पाउच कडक होतो.

चिकटवण्यासाठी गरम सरस हाच उत्तम पदार्थ आहे. तो भरपूर काळ टिकतो, आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी उष्णता व ओलावा देऊन लाकूड न दुखावता सोडवता येतो. पांढरा गोंद लाकडात मुरतो आणि भाता काढताना लाकडाचे कपचे निघतात. सिलिकॉन तर कधीच वापरू नये, कारण त्याचा अंश राहिलेल्या जागेवर पुढे कोणताही गोंद धरत नाही. लाकडातले हवेचे मार्ग आणि धातूच्या बैठकांच्या कडा बंद करण्यासाठी लाखेचे द्रावण वापरतात. मूळ कारखान्यांतही ते वापरले जात असे.

११. नळ्यांवर पांढरी पूड दिसते, आणि धातूचे काही भाग हाताने मोडतात. हे काय आहे?

हे दोन वेगळे रोग आहेत. अनेक जुन्या वाद्यांत नळ्या शिशाच्या आहेत. लाकडातून, विशेषतः ओकसारख्या लाकडातून, निघणाऱ्या सेंद्रिय आम्लाच्या वाफांमुळे शिसे गंजून त्याची पांढरी पूड होते. या नळ्यांना सुईएवढी छिद्रे पडतात आणि पूड आतल्या बाजूने मार्गही तुंबवते, म्हणून एकाच वाद्यात काही सूर अडकलेले आणि काही मुके आढळतात. ही पूड विषारी आहे. ब्रशने झटकू नये, हातमोजे आणि धूळरोधक मुखवटा वापरावा, आणि जागा ओल्या फडक्याने पुसून ते फडके वेगळे टाकावे. अशा नळ्या बदलणे हाच उपाय. नव्या नळ्यांचा आतला व्यास मूळ नळ्यांइतकाच ठेवावा.

मोडणारे भाग बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. ओतताना त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर धातू आतूनच कणाकणाने फुगतो, तडकतो आणि ठिसूळ होतो. त्याला चिकटवून किंवा रंगवून काही साधत नाही, कारण तो आतून मोडतच राहतो. पूर्ण भाग पितळ, ॲल्युमिनियम किंवा लाकडात नव्याने बनवावा, आणि तडकलेला तुकडा मापे घेण्यासाठी जपून ठेवावा. फुगलेल्या तुकड्याची मापे मूळ मापांपेक्षा मोठी असतात, हे ती घेताना विसरू नये.

१२. माझ्या वाद्यात प्रत्येक सुराला दोन झडपा आहेत. प्रश्न ४ मधली चाचणी तशीच चालेल का?

चालेल, पण तिचा निष्कर्ष फक्त पहिल्या, म्हणजे लहान झडपेपुरता आहे. दुहेरी रचनेत ट्रॅकर बारमधली हवा लहान झडप उचलते, आणि लहान झडप मोठ्या झडपेच्या पाउचला आळीपाळीने बाहेरची हवा किंवा ओढ पुरवते. त्यामुळे मोठ्या पाउचला सहसा वेगळ्या ब्लीडची गरज नसते. ब्लीड पहिल्या टप्प्यात असते.

अडकलेल्या सुराच्या वेळी लहान झडप खाली बसलेली दिसत असेल आणि तरीही सूर चालू असेल, तर दोन शक्यता आहेत. लहान झडपेची बाहेरची चकती नीट बसत नसल्यामुळे मोठ्या पाउचखाली हवा झिरपत असेल, किंवा मोठी झडप स्वतः अडकली असेल. लहान झडपेच्या बाहेरच्या तोंडावर बोट ठेवून ते पूर्ण बंद करावे. सूर थांबला तर दोष लहान झडपेच्या बैठकीचा, न थांबल्यास मोठ्या झडपेचा किंवा दोन टप्प्यांमधल्या मार्गातल्या गळतीचा.

१३. रोलच्या एका बाजूला शेजारचे सूर एकत्र वाजतात, मध्यभागी मात्र सगळे ठीक असते.

हा झडपांचा दोष नाही. कागद हवेतल्या ओलाव्याने रुंद होतो आणि इंचाला नऊ छिद्रे असलेल्या ट्रॅकर बारवर थोडासा फरकही भोकाला शेजारच्या छिद्रावर नेतो. कागद एका कडेला टेकून चालत असेल तर सगळा फरक दुसऱ्या कडेला साठतो, म्हणून मध्य शाबूत राहतो आणि टोक बिघडते. पूर्ण रोल डावीकडे किंवा उजवीकडे सरकला असेल तर मात्र चूक सर्वत्र दिसते, आणि तेव्हा कागद मार्गावर ठेवणारी यंत्रणा तपासावी. वाद्य आणि रोल दोन्ही ४० ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवले तर हा त्रास बराच कमी होतो.

कोणताही रोल लावला तरी तेच दोन शेजारचे सूर जोडीने वाजत असतील, तर पेटीतल्या दोन मार्गांमधली लाकडी भिंत तडकली आहे किंवा त्यांच्यामधले गॅस्केट दबले आहे. प्रश्न ४ मधली ओढून घेण्याची चाचणी करताना एका सुराची हवा ओढली असता दुसराही थांबला, तर खात्री पटते.

१४. सगळे रोल नीट वाजतात. एका विशिष्ट रोलवर मात्र अगदी खालचे आणि अगदी वरचे काही सूर मुके होतात, किंवा विनाकारण धडधडतात.

वाद्य ड्युओ-आर्ट या रीप्रोड्युसिंग प्रकारचे असेल तर प्रथम ही पद्धत चालू-बंद करणारे बटण पाहावे. एओलियन कंपनीने १९१३ मध्ये आणलेल्या या पद्धतीत ट्रॅकर बारच्या दोन्ही टोकांची चार-चार छिद्रे आवाजाचा जोर ठरवण्यासाठी वापरली जातात. १, २, ४ आणि ८ अशा प्रमाणात मिटणारे चार छोटे भाते एकत्र येऊन जोराच्या सोळा पायऱ्या तयार करतात, एक संच साथीसाठी आणि एक मुख्य सुरावटीसाठी. बटण चालू ठेवून साधा ८८ सुरांचा रोल लावला तर टोकाचे सूर मुके होतात आणि आवाज विचित्र चढउतार करतो. बटण बंद ठेवून ड्युओ-आर्टचा रोल लावला तर जोराच्या खुणा सूर म्हणून वाजतात.

बटण योग्य असूनही हे घडत असेल, तर टोकाचे सूर तोडणारी बदल-झडप गळते आहे. तिची बैठक सपाट आणि स्वच्छ आहे का, एवढेच बहुधा पाहावे लागते; आठही सुरांचे पाउच उघडण्याची गरज नसते.

१५. जत्रेतल्या मोठ्या ऑर्गनसारख्या, दाबावर चालणाऱ्या वाद्यांना हीच उत्तरे लागू पडतात का?

तर्क तोच राहतो, दिशा उलटते. तिथे पेटीत बाहेरपेक्षा जास्त दाब असतो, त्यामुळे गळती आत खेचत नाही, बाहेर फुंकते. ओल्या बोटाने किंवा पिसाने ती लगेच सापडते. पण आधी वाद्य नेमके कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवावे. गाविओली या ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीने १८९२ मध्ये रूढ केलेल्या पुठ्ठ्याच्या घडीच्या पुस्तकांत छिद्रातून छोट्या चाव्या वर येतात आणि यांत्रिकपणे झडप उघडतात. अशा वाद्यात मुका सूर म्हणजे बहुतेक वेळा झिजलेली किंवा अडकलेली चावी असते. कागदी रोलवर चालणाऱ्या काही बँड ऑर्गनमध्ये, उदाहरणार्थ वुर्लित्झरच्या वाद्यांत, ट्रॅकर बार आणि झडपा ओढीवर चालतात आणि आवाज काढणाऱ्या नळ्या मात्र दाबावर वाजतात. तिथे दोन्ही पंप स्वतंत्रपणे तपासावे लागतात. नाहीतर आवाजाच्या नळीला हवा कमी पडत असताना झडपेवर संशय घेतला जातो.

१६. सूर सगळे ठीक आहेत, पण पेडल एकदा लागले की उतरत नाही, किंवा मध्येच सुटून जाते. सुरांच्या झडपांसारखीच तपासणी करावी का?

पूर्णपणे नाही. वेल्टे या रीप्रोड्युसिंग पियानो बनवणाऱ्या कंपनीच्या तांबड्या, पावणेतेरा इंचांहून किंचित जास्त रुंदीच्या रोलसाठी बनवलेल्या वाद्यात पेडलसाठी लांब भोक नसते. एक छोटे भोक पेडल लावते आणि दुसरे छोटे भोक ते सोडते. मधल्या काळात झडप स्वतःच स्वतःला वर धरून ठेवते. उचलली गेली की ती आपल्याच पाउचखाली हवेचा एक मार्ग उघडते. नाण्यांवर चालणाऱ्या अनेक पियानोंत आणि ऑर्केस्ट्रियनमध्ये वेगवेगळी वाद्ये चालू-बंद करण्यासाठी अशाच जोडझडपा आहेत.

म्हणून येथे लक्षणांचे अर्थ बदलतात. पेडल मध्येच सुटत असेल तर धरून ठेवणाऱ्या मार्गात हवा कमी पोचते आहे, म्हणजे तो मार्ग तुंबला आहे, किंवा पाउच झिरपतो आहे, किंवा ब्लीड मोठे झाले आहे, किंवा सोडणारी झडप नीट न बसल्यामुळे अर्धवट आज्ञा सतत देत आहे. पेडल उतरतच नसेल तर सोडणाऱ्या भोकाची नळी तुंबली आहे का ते आधी पाहावे : त्या नळीचे पेटीकडचे तोंड क्षणभर उघडले की पेडल उतरायला हवे. उतरले तर दोष नळीत किंवा ट्रॅकर बारमध्ये आहे. न उतरल्यास सोडणारी झडप उचलली जाते का ते ऐकावे, आणि ती उचलली जात असेल तर धरून ठेवणाऱ्या झडपेचे ब्लीड तपासावे. पंप थांबवून पुन्हा सुरू केल्यावर पेडल मोकळे होत असेल, पण पहिल्याच भोकाला पुन्हा अडकत असेल, तर संशय नेमका याच ब्लीडवर घ्यावा.